नाकारलेली शेलापागोटी

आमच्या घरी दर वर्षी एका अपमानाची वाट पाहिली जायची. डिसेंबर सरत आला की कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची लाकडी पेटी ग्रंथालयाच्या दाराशी ठेवली जायची. मग रोज संध्याकाळी अण्णा, माझे वडील, पेटीतल्या चिठ्ठ्या वाचून घरी आले, की आई भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारायची, "आलं का तुमच्या नावाचं?" अण्णा चपला काढून भिंतीला समांतर लावत आणि म्हणत, "नाही." परगावच्या मुलाच्या पत्राची चौकशी करावी तसं हे चालायचं. फरक एवढाच की अण्णांना पत्र नको होतं. कोणीतरी चार ओळींत, भर मांडवात, आपली टर उडवावी इतकीच त्यांची इच्छा होती, आणि एकवीस वर्षं ती पुरी झालेली नव्हती.

शेलापागोटं म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं, याचा मला राग येतो. परवा भाचीची मुलगी म्हणाली, "मावशीआजी, आमच्या कॉलेजात रोस्ट असतं." मी म्हटलं, आमच्यात शेलापागोटी असायची. तर ती म्हणाली, ते साडीचं दुकान ना? असो. संमेलनाच्या आधी पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या, खाली नाव लिहायचं नाही, आणि वर मात्र ज्याच्यावर लिहिलं त्याचं नाव स्पष्ट लिहायचं. मुलगा असो, मास्तर असो की शिपाई, त्याच्या खोडीवर दोन-चार यमक जुळवलेल्या ओळी असायच्या. संमेलनात त्या मोठ्यानं वाचल्या जात, आणि ज्याला टोला बसला त्यानं हसायचं, रागवायचं नाही. बऱ्याच कॉलेजांत याला फिशपाँड म्हणत. इंग्रज साहेबांच्या जत्रेत पडद्यामागे गळ टाकून भेटवस्तू ओढायचा खेळ असे, त्यावरून ते नाव आलं म्हणतात. अण्णांना ते नाव खपत नसे. मासे नाहीत, तळं नाही, आपण सगळे शाकाहारी बसलोय आणि फिशपाँड कसलं, असं ते म्हणत.

त्यांच्या मते खरा शब्द शेलापागोटंच. अण्णा सायखेड्याचे, शेतकऱ्याच्या घरचे, गंगेच्या काठी वाढलेले. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणायचं, त्यावर कोणी वाद घालत नाही.) त्यांच्या लहानपणी लग्नात मानाच्या माणसाला खांद्यावर शेला आणि डोक्याला पागोटं देत. त्यांच्या एका चुलत्याला व्याह्यानं असंच पागोटं बांधलं, पण ते बांधलं स्वतःच्या डोक्याच्या मापानं. ते चुलत्याच्या डोळ्यांवर उतरलं, चुलता मांडवाच्या मेढीवर, म्हणजे खांबावर, जाऊन आदळला, आणि पुढची तीस वर्षं गाव त्याला मेढ्याच म्हणत राहिलं. अण्णांच्या मते या शब्दाचा उगम तिथेच होता. अगदी सायखेड्यातच असं नाही, पण अशाच कुठल्या तरी मांडवात. मान द्यायचं कापड आणि फजिती करायचं कापड एकच असतं, ते म्हणत. आमच्या कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक मात्र सांगत, की कोणा मराठीप्रेमी माणसाला फिशपाँडला प्रतिशब्द हवा होता, त्यानं तो खुर्चीत बसून बनवला, त्यात चुलता नाही आणि मेढही नाही. दोघांचा हा वाद दर जानेवारीला व्हायचा. शब्द नक्की कुठून आला हे खात्रीनं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

पण अण्णांच्या या उगमातून एक सिद्धांत निघाला होता, आणि त्या सिद्धांतानं पुढे आम्हा सगळ्यांना वेठीला धरलं. पगडी दुकानात तयार मिळते, ते सांगत, कोणीही घ्यावी आणि कोणीही घालावी. पागोटं समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर बांधावं लागतं, त्याचं डोकं हाताखाली घेऊन. म्हणून जे कोणाच्याही डोक्यावर बसेल ते शेलापागोटं नव्हे.

अण्णा त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. काशिनाथराव हे त्यांचं नाव कॉलेजात कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही, सगळे 'लायब्ररीवाले सर' म्हणत. एके वर्षी संमेलनात कोणा प्राध्यापकाच्या टकलावर काही वाचलं गेलं आणि त्यांच्या सौभाग्यवती मांडवातून उठून गेल्या, तेव्हापासून प्राचार्यांनी चिठ्ठ्या आधी तपासायचं काम अण्णांकडे दिलं. दुसऱ्या कोणी चार चिठ्ठ्या फाडून काम संपवलं असतं. अण्णांनी वही सुरू केली, शिक्का करून घेतला. चिठ्ठीवर लाल शाईनं 'मंजूर' किंवा 'नाकारले' असा शेरा पडे, आणि नाकारलेल्या चिठ्ठ्या कारणासकट ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर टाचल्या जात. निनावी लेखकाला दाद मागायची सोय हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरीही हाच माणूस होता. पंचवटीत आमच्या दोन खोल्या होत्या, माडीवर. पहाटे रामकुंडाकडून घंटा ऐकू यायच्या, मग दूधवाल्याची सायकल, मग खालच्या चिवडेवाल्याच्या कढईत पोहे पडल्याचा चर्र आवाज आणि जिन्यातून वर येणारा कढीपत्त्याचा वास. स्वयंपाकघरातल्या डब्यांना अण्णांनी नंबर दिलेले होते. डाळी दोनशेमध्ये, मसाले तीनशेमध्ये, पोहे चारशे एक. आई ते डबे रोज मनाला येईल तसे ठेवायची, अण्णा रविवारी पुन्हा लावायचे, आणि या गोष्टीवर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. शेजारची कावेरीकाकू खलबत्ता मागायला आली तर तिला वहीत सही करावी लागायची. ती बिचारी शेवटी दगडावर लसूण ठेचायला लागली.

आणि आई वाचायची. हे मी नीट सांगते, कारण तेव्हा ते मलाच नीट दिसलं नव्हतं. ती निफाडकडच्या खेड्यातली, सातवी झालेली, आणि तिला वाचायचं विलक्षण वेड. पण वाचायला होतं काय, तर वाण्याच्या पुड्या. त्या वेळी वाणी जुन्या मासिकांच्या, साप्ताहिकांच्या पानांत सामान बांधून द्यायचा. आई पुडी फाडायची नाही. ती दोरा सोडून, कागद हातानं सपाट करून गादीखाली घालायची आणि दुपारी काढून वाचायची. त्यामुळे तिला असंख्य गोष्टींचे मधले भाग माहीत होते. नायिका रागानं माहेरी निघाली, गाडी आली, आणि कागद संपला. वाण्याला तिनं सांगून ठेवलं होतं की बाबा, याच्या पुढचं पान सापडलं तर माझी साखर त्यात बांध. एक गोष्ट तिनं शेंगदाणे, साखर आणि हळद अशा तीन पुड्यांतून जमवली होती, तरी शेवट मिळाला नव्हता. तो बहुधा कोणाच्या तरी घरी जिऱ्यात गेला असावा.

कोणी म्हणेल, नवरा ग्रंथपाल आणि बायको पुड्या वाचते, हे कसं? त्याला नियम होता. कॉलेजची पुस्तकं विद्यार्थ्यांना आणि नोकरांना, कुटुंबीयांना नाहीत. अण्णांच्या स्वतःच्या कार्डावर पुस्तक घरी यायचं, पण ते त्यांनीच वाचायचं. कार्ड माझं आणि वाचणार दुसरं कोणी, म्हणजे ती खोटी सही झाली, असं ते म्हणत. मी कॉलेजात गेल्यावर पहिल्याच महिन्यात आईसाठी एक कादंबरी आणली, तर अण्णांनी दुसऱ्या दिवशी ती मला परत करायला लावली. आई तेव्हा अकराव्या पानावर होती. तिनं पान लक्षात ठेवलं फक्त.

मी दुसऱ्या वर्षाला होते आणि अण्णांचं निवृत्तीचं वर्ष होतं. पेटी ठेवली त्या दिवशी संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. अण्णा जेवता जेवता आईला म्हणाले, "शिपायाला आजवर चार मिळाली. कँटीनवाल्याला सहा. माझ्यावर कोणी काय लिहिणार म्हणा. लिहायला माणूस दिसावा लागतो."

एवढं बोलून त्यांनी भरीत परत मागितलं. तोवर अण्णांची ही हौस मला गमतीची वाटायची. त्या दिवशी कळलं की एवढी वर्षं हा माणूस त्या इमारतीत बसला आणि आपण कोणाला दिसलोच नाही असं मनात धरून घरी जाणार आहे. मी ठरवलं, या वर्षी अण्णांवर शेलापागोटं येणार, आणि ते मी लिहिणार. मला यमक जुळवता यायचं, आणि बाप तर घरचाच होता, त्याला काय शोधायला जायचं होतं?

पहिली चिठ्ठी मी डाव्या हातानं लिहिली.

"चष्मा जाड, कपाळाला आठी,
पुस्तकं राखतो घेऊन काठी."

दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर होती. खाली लाल शाईत, अण्णांच्या सरळ अक्षरात: 'चष्मा सर्व ग्रंथपालांना असतो. काठी मजजवळ नाही. कोणाच्याही डोक्यावर बसेल. नाकारले.' त्या संध्याकाळी आईनं विचारलं, आलं का? अण्णा म्हणाले, आलं. आईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी परातीतच पडली. पण घेतलं नाही, अण्णा म्हणाले, बरोबर बसत नव्हतं. "एकवीस वर्सांनी आलं, तर घ्यावं की माणसानं," ती म्हणाली, आणि भाकरी उचलली.

दुसरी चिठ्ठी मी दोन दिवस खपून केली.

"हळू बोला, हळू चाला, झोपलीत इथं पुस्तकं,
जागी झाली एखादी तर सर धरतील मस्तकं."

शेरा आला: 'झोपलेली पुस्तके चांगली आहेत. परंतु मी आजवर कोणाचेही मस्तक धरलेले नाही. शेलापागोटे खोटे असून चालत नाही. लेखकाने पुन्हा प्रयत्न करावा. नाकारले.' हा 'पुन्हा प्रयत्न करावा' वाचून मला हुरूपही आला आणि संतापही. तिसऱ्यात मी त्यांच्या सायकलवर लिहिलं, तर शेरा आला की सायकल शिपायाची आहे, मी चालत येतो, लेखकाने अभ्यास कमी केला आहे. चौथ्याला शेरा होता, 'हे शेजारच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना लागू पडते, त्यांच्याकडे पाठवावे.'

एव्हाना फळ्यापुढे गर्दी व्हायला लागली होती. नाटकाच्या तालमी सोडून पोरं शेरे वाचायला यायची. स्वतःची टवाळी अपुरी पडते म्हणून नापास करणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग चढाओढ लागली. वाणिज्य शाखेची मुलं लिहू लागली, विज्ञानवाले लिहू लागले, एकवीस वर्षांत ज्याच्यावर एक ओळ आली नाही त्याच्यावर दिवसाला तीस-तीस चिठ्ठ्या पडायला लागल्या, आणि अण्णा सगळ्या नाकारायचे. दोन मुलं तर वही घेऊन वाचनालयात समोरच बसली आणि सर तासाला किती वेळा चष्मा पुसतात ते मोजू लागली. अण्णांनी त्यांना मोजायला सोयीची, उजेडाची जागा करून दिली. फळ्याला जागा पुरेना तेव्हा दुसरा फळा आला. प्राध्यापकांवरच्या चिठ्ठ्या येणंच बंद झालं, तसे प्राध्यापक अस्वस्थ झाले. मराठीच्या प्राध्यापकांनी उगमाचा वादसुद्धा त्या वर्षी घातला नाही.

शेवटी प्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले. मी तेव्हा कपाटाआड होते म्हणून हे ऐकलं. ते म्हणाले, सर, एखादं मंजूर करून टाका, संमेलनाला चार दिवस राहिलेत आणि कार्यक्रमाला मजकूरच नाही. अण्णा उभे राहिले. वरिष्ठ आले की ते उभेच राहत. मला फार आवडेल, ते म्हणाले, पण मुलं बाहेरून लिहितायत, साहेब. कोणी जवळ येऊन बघत नाही. प्राचार्यांनी आजूबाजूला पाहिलं. उजेडात बसलेली दोन मुलं त्या वेळी प्राचार्यांची नोंद करत होती. प्राचार्य निघून गेले.

मी सातवं लिहिलं, ते डब्यांच्या नंबरांवर. त्यात माझी घरची माहिती फुकट वापरली होती आणि मला खात्री होती की हे बसणार. शेरा आला: 'जवळ आले. पण हा गुण आहे, लेखक यास दोष समजत आहे. नाकारले.' मी घरी जाऊन पांघरूण डोक्यावर घेऊन रडले. मला वाटायला लागलं होतं की या माणसाला शेलापागोटं नकोच आहे, त्याला फक्त वाट बघायची सवय लागलेली आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, बापावर लिहायला बसलं की मला चष्मा, डबे आणि चपला यांपलीकडे काही दिसत नव्हतं. एकोणीस वर्षं एका घरात राहून मला त्यांच्या डोक्याचं माप माहीत नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आई रोज दुपारी अण्णांचा डबा घेऊन पंचवटीतून पूल ओलांडून कॉलेजात यायची. अण्णा टोलाची घंटा होईपर्यंत टेबल सोडत नसत, म्हणून ती बाहेर फळ्यापाशी उभी राहायची. तिथे वाचायला कागदच कागद होते, आणि त्यांतला एकही मध्येच फाटलेला नव्हता. मला ती तिथे रोज दिसायची. मी तिला "डबा दे, मी नेते," म्हणायचे आणि ती "राहू दे, वाचते जरा," म्हणायची. याचा मी काडीचाही विचार केला नाही.

पेटी उघडायच्या शेवटच्या दिवशी अण्णा घरी आले आणि त्यांनी चपला काढून तशाच टाकल्या. एक जिन्याकडे तोंड करून, एक उलटी. आईनं काही विचारलं नाही. मीच विचारलं, आलं का? ते म्हणाले, "आलं. घेतलं." मी विचारलं कोणाचं, तर म्हणाले निनावी असतं, आणि हातपाय धुवायला गेले. आई चुलीशी शेंगदाणे भाजत होती. ते त्या दिवशी करपले.

संमेलन कॉलेजच्या मैदानावर, दिवे लागायच्या वेळेला. नाशकातली जानेवारीची थंडी, सगळे मफलर गुंडाळून बसलेले, बायकांच्या खुर्च्या डावीकडे. निवेदन विलास नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा करत होता. शेवटी त्यानं एकच चिठ्ठी वर धरली, मागे शिक्का दिसेल अशी, आणि सांगितलं की दोनशे अकरा नाकारल्यानंतर हे मंजूर झालेलं आहे, आणि सरांनी शेरा लिहिलाय, 'डोक्यावर बरोबर बसते.' टाळ्या पडल्या. मग त्यानं वाचलं.

"साऱ्या नाशकाला पुस्तकं दिली, घरी आणलं नाही एक,
काशिनाथरावांचं नाव घेते, वाचून पोह्याच्या पुडीवरचा लेख."

पहिल्या ओळीला लोक हसले. दुसरीला थांबले. काशिनाथराव कोण हे कळायला त्यांना क्षणभर लागलं, आणि मग हा उखाणा आहे हे कळायला आणखी एक क्षण. उखाण्यात नवऱ्याचं नाव या जगात एकच बाई घेऊ शकते. सगळा मांडव खुर्च्यांच्या आवाजासकट डावीकडे वळला. आई पदराचा बोळा तोंडाशी धरून सरळ समोर बघत होती, जसं काही हे दुसऱ्याच कोणाचं चाललंय. मग प्राचार्यांच्या सौभाग्यवती हसल्या, आणि त्यानंतर जो हशा उठला तसा मी पुन्हा कुठल्याही मांडवात ऐकला नाही.

मी हसले नाही. मला लाज वाटली. बापाची नव्हे, माझी. महिनाभर मी अण्णांच्या चष्म्यात डोकं घातलं होतं, आणि ज्या डोक्यावर ते सगळं खरोखर येऊन बसलेलं होतं ते माझ्या शेजारी भाकरी थापत होतं.

आमच्या कॉलेजात अण्णांनीच पाडलेली रीत होती. सर्वांत चांगलं शेलापागोटं ज्याच्यावर, त्याला मंचावर बोलावून नाटकाच्या पेटीतला जरीचा शेला घालायचा, शिपायानं लाल पागोटं बांधायचं, आणि त्यानं ध्वनिक्षेपकासमोर "पावलं", म्हणजे मिळालं, एवढंच म्हणायचं. अण्णा गेले. खाली बसले, डोकं पुढे केलं. शिपाई भिकाजीनं ते गुडघ्याशी घेऊन पागोटं बांधलं, घट्ट, मापात. अण्णा उठले, ध्वनिक्षेपकाशी आले, आणि म्हणाले, "पावलं." तो शब्द फक्त पुढच्या दोन रांगांना ऐकू आला.

घरी जाताना त्यांनी पागोटं काढलं नाही. आम्ही तिघं पुलावरून निघालो, पुढे शेला आणि पागोटं घातलेले अण्णा, मागे आई आणि मी. लग्नसराईचे दिवस होते. पुलाच्या टोकाला रिक्षावाले शेकत बसले होते, त्यांतल्या एकानं रामराम घालून विचारलं, "लगीन कोनाचं, बाबा?"

"आमचंच," अण्णा म्हणाले.

जिना चढताना मी आईला दंडाला धरून थांबवलं आणि विचारलं, अगं, निनावी लिहायचं असतं, सगळ्यांना कळलं ना ते तूच लिहिलंस म्हणून. ती खरंच गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"वर त्यांचं नाव लिहायचं व्हतं ना? मंग नवऱ्याचं नाव उखाण्याबिगर कसं घ्यायचं, सांग बरं," ती म्हणाली.

आजही मला हे पुरतं उमगलेलं नाही, की ती इतकी भोळी होती की इतकी हुशार. काही दिवस मला एक वाटतं, काही दिवस दुसरं. माझ्या डाव्या हाताच्या सात चिठ्ठ्या अण्णांनी मला पुढे परत दिल्या, एका पाकिटात घालून, पाकिटावर माझं पूर्ण नाव लिहून. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, म्हणाले, डावा हात वापरलास तरी काना उजव्याच हाताचा होता. मग आईचं अक्षरही लगेच ओळखलं असेल, मी म्हटलं. लग्न झाल्यापासून तेवीस वर्षं वाण्याच्या याद्या वाचतोय, ते म्हणाले, आणि याहून जास्त कधी बोलले नाहीत.

संमेलनानंतरच्या रविवारी अण्णा डबे लावायला बसले नाहीत. सकाळीच बाहेर गेले. गावात एक सार्वजनिक वाचनालय होतं, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, कोणालाही वर्गणी भरून सभासद होता येईल असं. तेवीस वर्षं ते तिथेच होतं. अण्णांना ते माहीत नव्हतं असं नाही, आणि मलाही होतं. आम्हा दोघा शिकलेल्या माणसांच्या डोक्यात ते आलं नव्हतं, बस्स. त्याला दुसरं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. मी पुष्कळ शोधलं.

ते परतले तेव्हा आई पोहे निवडत होती. अण्णांनी एक कार्ड तिच्यासमोर ठेवलं, त्यावर तिचं नाव होतं, माहेरचं नव्हे की 'सौ.' असं नुसतं नव्हे, पूर्ण नाव. त्यावर एक जाड कादंबरी ठेवली, खाकी पुठ्ठ्याची. मग ते चारशे एक नंबरच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावत उभे राहिले.

आईनं हात पदराला पुसले. पुस्तक उचललं, पण पहिलं पान काढलं नाही. उलटं करून मागचा पुठ्ठा उघडला, शेवटचं पान बोटानं चाचपलं, त्याच्या कडा फाटलेल्या नाहीत ना ते बघितलं, आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

"हाय," ती म्हणाली, आणि मग पुस्तक सुलटं करून वाचायला बसली.